निळ्या दोरीचं कोकरू

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा मेंढ्या पाळणे, शिक्षण चौथी, आज डोकं ठिकाणावर असताना माझ्या हाताने हे लिहीत आहे. कुणी भरीस घातलेलं नाही. ओळ वाकडी जाते ती वयामुळे, भीतीमुळे नव्हे. अक्षर लागलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारावं, त्यांनी वाचलं आहे.

१. राहत्या दोन खोल्या थोरल्याला. तसाही तो मालकासारखाच वागतो. चाऱ्याच्या खोलीला त्याने कुलूप घातलं, किल्ली मला दिली नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही दहादा उघडून बघता, कडी झिजली." बघतो, कारण चारा ओला राहिला तर बुरशी धरते. मी गेल्यावर तरी रोज बघावा.

२. मेंढ्या एकेचाळीस. वीस थोरल्याला, एकवीस धाकट्याला. थोरला विचारणार, त्याला एक जास्त का? कारण खाली आहे, शेवटपर्यंत वाचावं, मध्येच आरडाओरडा करू नये.

३. आमच्याकडे जुळी कोकरं झाली की ताणकाट्याला झोळी लावून तोलायची. फरक जास्त असला तर लहानाच्या गळ्यात निळी दोरी बांधून त्याला आईपासून काढायचं, बाटलीवर टाकायचं. मोठं तरी धड जगेल. वडिलांनी हेच केलं, मी हेच केलं.

माझे दोन्ही मुलगे जुळे. त्याच झोळीत तोलले. थोरला तीन किलो, धाकटा पावणेदोन. सवयीने हात गेला आणि धाकट्याच्या मनगटाला मी निळी दोरी बांधली. बायको खाटेवरून म्हणाली, "अहो, ते कोकरू नाही. दोघांना मीच पाजीन, थोडं थोडं पाजीन." मी म्हणालो, "अर्धपोटी दोघं जातील." आठव्या दिवशी धाकट्याला मेहुणीच्या ओटीत घातला. तिला मूल नव्हतं. तिने त्याला चांगलं वाढवलं, तिच्याबद्दल तक्रार नाही.

तो तिला आई म्हणतो. सगळं ठाऊक असूनही जन्म देणारीला मावशी म्हणायचा, मला काका. बायको गेली तेव्हा तो उशाशी बसून म्हणाला, "मावशी, पाणी देऊ?" तिने पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. अजून बघते आहे.

४. यंदा मी आजारी होतो. भुरी मेंढी व्याली, एक कोकरू नजरेने साडेचार किलोचं, एक अडीचचं. उठता येईना, म्हणून दोरी बांधायची राहिली. थोरल्याला हाक मारली, तो आला नाही. पहिल्यांदाच त्याच्या आळसाने भलं झालं. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "आजोबा, पोटात त्याला कमी मिळालं, त्यात त्याचा काय दोष? राहू दे आईजवळ. कमी पडलं तर वरचं दूध तिथेच पाजा." अडीच महिन्यांनी बघितलं तर दोन्ही कोकरं एकमेकांना ढुशा देत होती. कोणतं लहान, ते मला ओळखता येईना. मी मेंढवाड्यातच खाली बसलो. थोरल्याला वाटलं, चक्कर आली.

तर ती एकविसावी मेंढी म्हणजे भुरी, दोन्ही कोकरांसकट. धाकटा घड्याळं दुरुस्त करतो, त्याला मेंढरातलं काही कळत नाही. बाकीच्या विकल्या तरी चालतील. ही तिघं तोडू नयेत.

५. ताणकाटा मोडीत द्यावा. झोळी जाळावी. धाकट्याच्या मनगटाची ती दोरी बायकोच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत सापडली. धुतलेली होती. ती तिथेच राहू द्यावी. त्या पेटीला कुणी हात लावू नये, थोरल्याच्या बायकोने तर मुळीच नाही.

६. धाकट्याला मागच्या महिन्यात निरोप धाडला होता की वाटणी करतो आहे, ये. त्याने उलट निरोप पाठवला, "काकांना सांगा, मला परत तोलू नका." म्हणून त्याच्या वाट्यापुढे मी "मुलगा" लिहिलं होतं ते खोडलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे, नाहीतर कुणीतरी खुसपट काढेल. बापाचं नको असेल तर काकाचं म्हणून घे. पण घे.

साक्षीदार: १. जनावरांच्या डॉक्टरीणबाई. २. पिठाच्या गिरणीचा मालक (चष्मा विसरला होता, म्हणून त्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तो रडला, त्याचा काही उपयोग नाही).

ठिकाण: मेंढवाड्याशेजारची खोली.
तारीख: कोकरांचं दूध तुटलं त्याचा दुसरा दिवस, सकाळ.

सही, शेजारी अंगठाही:
थोरल्याचा बाप, धाकट्याचा काका.