जावेची साक्ष

शिरड शहापूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कमल हिस थोरल्या जावेचे आशीर्वाद.

विहिरीच्या पाण्यावरून भांडलो तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे, पण आशीर्वादाला बंदी नाही. फोन केला तर माझा आवाज ओळखून ठेवून देशील, म्हणून लिहिते आहे. आमची हळद शिजवून झाली, अंगणात वाळते आहे. तुझ्या कोंबड्या रोज तीत नाचतात. आवर त्यांना.

आता कामाचं. हिंगोलीला म्हाताऱ्यांच्या डोक्याचा अभ्यास चालू आहे. कुणाची आठवण शेवटपर्यंत शाबूत राहते, कुणाची जाते आणि कशानं, हे दर वर्षी तपासून पाहणार आहेत. मी नाव दिलं. मला काही शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. ते असो. मग प्रियदर्शनी डॉक्टरीणबाईंनी विश्वंभरला आत नेलं. रोज पाहणाऱ्या माणसानं माझ्याबद्दल सांगायचं असतं. मी दाराआडून ऐकत होते. आमचे चिरंजीव म्हणाले, "आई एकदम बराबर हाये. काहीच विसरत न्हाई."

बाहेर आल्यावर विचारलं, "खोटं काहून बोललास?"

"राजनंदिनीची सोयरीक चालू हाये. आजीचं डोकं गेलं म्हणून बोभाटा झाला तर?"

माझं डोकं म्हणजे काय फाटकं लुगडं आहे, घडीत लपवायला? असा संताप आला! बाईंनाही त्याचं पटलं नव्हतं. सोमवारी खरं सांगणारं कुणी आणा, नाहीतर नाव कमी करावं लागेल, म्हणाल्या. यावर अजून औषध नाही म्हणे. नसेना. नात म्हातारी होईतो निघेल, आणि माझ्यासारख्यांना तपासूनच निघेल.

तूच चल. उभ्या गावात माझी भीडभाड न ठेवणारी तू एकटीच.

आणि तुला तर माहीत आहे. संक्रांतीनंतर मी भाजीची वाटी घेऊन तुझ्या दारात आले, "कमल, मीठ बघ गं" म्हणाले. आपलं भांडण माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. तू मुकाट वाटी घेतलीस. घरी आल्यावर आठवलं. भ्याले मी कमल, अजून भिते. तू गावभर केलं असतंस तर मी भांडले असते. तू कुणालाच सांगितलं नाहीस, तेव्हा कळलं की माझं खरंच बिघडलंय.

तेच बाईंना सांग. तिखटमीठ लावू नकोस, झाकूही नकोस.

आणि पुन्हा तशी आले तर वाटी घेऊ नकोस. "आपलं बोलणं बंद हाये," असं तोंडावर सांग. हे भांडण मिटवायचंच तर मी शुद्धीवर असताना, माझ्या मर्जीनं मिटवीन. आजाराला मिटवू देणार नाही.

सोमवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर उभी आहे.

तुझी, अजून भांडणारी,
सुमन