जिलबीची शिंगं आणि माझं भाषण

३ डिसेंबर

"अंथुर्ण्याच्या समस्त गोठेवाल्यांनो! गाईच्या शिंगाचा मार आपण सगळ्यांनीच खाल्लाय. म्हणून कालवडींच्या शिंगकळ्या लहानपणीच जाळायच्या — मान्य! पण भूल न देता? कोवळ्या डोक्यावर तापलेलं लोखंड?"

सुरुवात झकास! पुढे ग्रीसचा दाखला द्यावा की रोमचा? दोन्ही देते.

४ डिसेंबर

गोठ्यात तालीम. जिलबी — आमची महिन्याची कालवड — डोळे मिटून तल्लीन झाली.

सासूबाई : "झोपलीया ती."

६ डिसेंबर

शेजारचे दत्तोबा त्यांच्या तीन कालवडींच्या शिंगकळ्या परवा जाळणार. भूल नाही! "वहिनी, पाय बांधायचं, लोखंड टेकवायचं. वासराला काय कळतंय?"

रक्त उसळलं! म्हटलं, उद्या आमच्याकडे डॉक्टर येताहेत, बघायला या. आधी माझं भाषण आहे.

"च्या हाय का?"

आहे म्हटलं. मग येतो म्हणाले.

७ डिसेंबर

डॉक्टरांनी जिलबीच्या दोन्ही बाजूंना, डोळा नि शिंगकळी यांच्या मध्ये, भुलीची सुई दिली. म्हणाले, "दहा मिनिटं थांबू." दहा मिनिटं! मी उभी राहिले. ग्रीस झालं. रोम झालं. डॉक्टर दोनदा खाकरले. सर्दी असेल म्हटलं!

शेवटी त्यांनी तपासायला शिंगकळीजवळ सुई टोचली. जिलबीनं अशी उसळी घेतली की दत्तोबा थेट शेणात!

"ताई, भूल उतरली. तुम्ही दीड तास बोललात."

धरणी दुभंगेल तर बरं!

सासूबाई : "डाक्टर, एक सुई हिलाबी द्या. जिभंला."

पुन्हा भूल. या वेळी मी गप्प. दहा मिनिटांनी तिथंच टोचलं — जिलबी ढिम्म! ती दत्तोबांच्या उपरण्याचं टोक चघळत होती. लोखंड टेकलं, धूर निघाला — तरी चघळतेच आहे! दत्तोबा कधी तिच्याकडे बघत, कधी आपल्या शेणानं भरलेल्या धोतराकडे. नंतर दुखू नये म्हणून डॉक्टरांनी वेगळं इंजेक्शनही दिलं. संध्याकाळी जिलबीनं बादलीभर दूध संपवून बादलीच पाडली.

दत्तोबा मात्र चहा न पिताच गेले. हरले मी. उद्या त्या तिघी...

८ डिसेंबर

सकाळीच दत्तोबांचा फोन.

"वहिनी, डाक्टरला आजच धाडा. तिघींनाबी भूल द्याया लावा. आन् तुमी घरीच ऱ्हावा!"