माझ्या पहिल्या पुस्तकाचे प्रकाशक

काका, पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलंय. पहिल्या कवितासंग्रहाला ते पारितोषिक देतात, ते यंदा माझ्या हातून द्यावं असं त्यांच्या मनात आहे. खाली लिहिलंय की कवीबरोबर प्रकाशकाचाही सत्कार होईल आणि दोघांच्या खांद्यावर शाल मी घालायची आहे. तेवढं वाचलं आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते आता मी मोजत नाही. पण तुमच्याशी एक बोलायचं राहून गेलंय, आणि माझं वय आता असं आहे की राहिलेलं उरकून टाकावंसं वाटतं.

थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका छापायची म्हणून मी वडलांबरोबर चिंचवडात तुमच्या छापखान्यात आले, ती आपली पहिली भेट. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि गावातल्या चार पोरींबरोबर मीही तिथं बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला लागले होते. तुमचा छापखाना म्हणजे नदीकडच्या आळीतली एक लांबट खोली. पायानं चालवायचं एक मशीन, भिंतीला टेकवलेले अक्षरांच्या खिळ्यांचे लाकडी खण आणि त्यांच्यासमोर तुम्ही एकटे. मालक तुम्ही, खिळे जुळवणारे तुम्ही आणि मशीन चालवणारेही तुम्हीच. पत्रिकेच्या माथ्यावर मी नव्या वहिनीला घरात बोलावणाऱ्या चार ओळी लिहिल्या होत्या, आईच्या जात्यावरच्या चालीत. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात, मग लांब धरलात.

"कुणी लिवलंय हे?"

"पोरीनं," वडील जरा ओशाळून म्हणाले. "नाद हाय तिला."

"आणखी हायेत का गं?"

मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "मग आण की. लग्नाच्या पत्रिका जुळवून बोटं कंटाळलीत माझी."

मी वही आणून दिली. आठ दिवसांनी घ्यायला आले तेव्हा माझं कौतुक होईल असं मला वाटत होतं, आणि तुम्ही तर चिडलेले. वही उघडून एका ओळीवर शाईचं बोट टेकवलंत. त्या बोटाचा ठसा अजून त्या पानावर आहे. "प्रभात म्हंजे काय?" मी म्हटलं, सकाळ. "तुझी आई काय म्हणती? उठ गं, प्रभात झाली, म्हणती व्हय?" मला हसू आलं, पण तुम्ही हसत नव्हता. "झुंजूमुंजू झालं म्हणते," मी म्हणाले. "मग तेच लिव की. ह्यातल्या निम्म्या कविता तुझ्या हायेत आणि निम्म्या शाळंतल्या पुस्तकाच्या. दुसऱ्याच्या मी कशाला छापू?" मी घरी जाऊन रडले. छापू, असं तुम्ही म्हणाला होता, हे रडून झाल्यावर ध्यानात आलं.

दिवाळीत हाती घेतलेलं पुस्तक निघायला शिमगा उजाडला. तुमच्याकडे 'ळ'चे खिळे कमी, आणि माझ्या कवितांत माळ, जोंधळा, सावळी, वावटळ, जिकडे बघावं तिकडे ळ. त्यामुळे तुम्ही चार पानं जुळवायचा, छापायचा, मोडून खिळे परत खणात टाकायचा आणि पुढची चार घ्यायचा. कारखान्याचा भोंगा झाला की मी चालत यायची आणि प्रुफं वाचायला बसायची. आजही डोळे मिटले की ती खोली दिसते. मशीनचं झाकण उघडमीट होतंय, काकू आतून भाकरी आणि ठेचा पाठवतायत, आणि तुम्ही उलट्या अक्षरांतली ओळ सुलटी वाचून दाखवताय, "हितं थांबायचं का गं, का पुढं जायचं?" ओळ कुठं मोडायची असते हे मला कुठल्या पंडितानं शिकवलं नाही. तुमच्या त्या प्रश्नानं शिकवलं. तुम्ही त्याआधी एकही पुस्तक काढलं नव्हतं, आणि त्यानंतरही काढलं नाहीत.

याच संस्थेच्या पारितोषिकाची बातमी वर्तमानपत्रात तुम्हीच वाचलीत, आणि मला न विचारता प्रती पाठवूनही दिल्यात. नव्या कवीचं पुस्तक काढायला कुणी धजत नाही म्हणून प्रकाशकाचाही मान करायचा, अशी त्यांची कल्पना होती. निकालाचं पत्र आलं तेव्हा तुम्ही मशीन थांबवलंत, काकूंना बाहेर बोलावलंत आणि मला ते पत्र मोठ्यानं दोनदा वाचायला लावलंत. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: समारंभात कवी आणि प्रकाशक यांनी दोन शब्द बोलावेत.

त्या एका ओळीनं माझी झोप गेली. पुण्यातलं सभागृह माझ्या डोळ्यांपुढं आलं, तिथली चष्म्याची, कडक इस्त्रीची माणसं आली, आणि त्यांच्यासमोर उभे राहून बोलणारे तुम्ही आलात. कारखान्यात साहेबलोकांपुढं मी 'हाय' सोडून 'आहे' म्हणायला शिकले होते, आणि शिकले याचा मला तोरा होता. मी तुमच्यासाठी एका कागदावर सहा वाक्यं लिहून आणली आणि ती तुमच्याकडून म्हणून घेऊ लागले. तुम्ही खणांसमोर ताठ उभे राहायचा, शाळेत राहतात तसे. "मी आपला आभारी हाय." "आहे, काका." "आहे. हे पुस्तक काढताना मला लई आनंद..." "फार आनंद." "फार." तुम्ही हसायचा, पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचा. तीन दिवस आपण हे केलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "आणि काका, कोट मिळाला कुणाचा तर बघा. हात तेवढे घासून या." तुम्ही हातांकडं पाहिलंत. "ही शाई निघत न्हाई गं आता," एवढंच म्हणालात. ज्या माणसानं माझ्या वहीतली उसनी भाषा काढून टाकायला लावली, त्याच्या तोंडात मी ती कोंबत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

समारंभाच्या दिवशी दुपारी वडील आणि मी चिंचवडच्या स्टेशनवर थांबलो होतो. तुमच्याऐवजी काकू आल्या, उन्हातून भरभर चालत, पदरानं मान पुसत. माझ्या हातात चिठ्ठी दिली. तुमचं अक्षर छापल्यासारखं. 'घाईचं काम आलं आहे. तू जा. छान बोल.' त्यातला 'आहे' मी पाहिला आणि घडी घातली. "येत न्हाईत ते," काकू म्हणाल्या. त्यांनी माझा पदर खांद्यावर नीट केला, आणि गाडी हलेपर्यंत थांबल्या.

त्या संध्याकाळी परीक्षकांनी माझ्या कवितांबद्दल काय सांगितलं असेल? ही मुलगी घरातल्या भाषेत लिहिते, म्हणाले. झुंजूमुंजू हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रकाशकांचं नाव पुकारलं गेलं. मी उठून सांगितलं की त्यांची तब्येत बरी नाही. तुमची शाल आणि मानपत्र माझ्याच हातात दिलं. तुमच्याविषयी दोन शब्द बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी नमस्कार केला आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घेऊन आले. तुम्ही मानपत्र खिडकीशी नेऊन वाचलंत, नव्हे, तपासलंत. "'यांना'वरचा अनुस्वार उडालाय बघ," म्हणालात, आणि खूश झालात. शाल उलगडून काकूंच्या खांद्यावर टाकलीत. त्या लाजून आत पळाल्या. कालचं घाईचं काम कुठं दिसत नव्हतं. मशीनवर फडकं टाकलेलं होतं. मी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाही. "बोललीस न्हवं चांगलं?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले.

माझं दुसरं पुस्तक पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकानं काढलं. पहिली प्रत तुम्हाला आणून दिली तेव्हा तुम्ही पानावरून बोट फिरवून पाहिलंत आणि म्हणालात, "छपाई झ्याक हाय. 'ळ' भरपूर दिसत्यात ह्यांच्याकडं." आपण दोघंही खूप हसलो. त्यानंतर माझं लग्न झालं, मी गाव सोडलं, आणि तुम्ही गेल्याचं मला महिन्यानं कळलं.

काकूंना भेटायला आले तेव्हा त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, आणि मी न विचारताच सांगितलं. "काम कसलं आलंय त्या दिवशी! सकाळपास्नं हात घासत बसले व्हते, राख घिऊन. कातडं सोललं. कागद बी म्हणत व्हते तुझा. मग म्हणाले, म्या बोलाय लागलो की पोरीची मान खाली जाईल. चिठ्ठी लिवली आन् मला धाडलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मला पुष्कळ ठिकाणी बोलावलं गेलं, पहिल्या पुस्तकाबद्दल विचारलं गेलं. मी दरवेळी सांगत आले की माझे प्रकाशक प्रसिद्धीपासून लांब राहणारे होते, स्वतःच्या सत्कारालासुद्धा आले नाहीत. लोकांना ती गोष्ट फार आवडते. ऐकून कुणाकुणाचे डोळे भरून येतात. सांगता सांगता मलाही ती खरी वाटायला लागली होती.

या खेपेला पुण्याला गेले की ती सांगणार नाही. काय सांगेन ते अजून ठरत नाही. हे पत्र तर कुठंच जायचं नाही, वहीतच राहील, म्हणून इथं लिहून ठेवते. स्टेशनवर तुमची चिठ्ठी वाचली, तुम्ही येणार नाही हे कळलं, तेव्हा काका, मला हायसं वाटलं होतं. काकू समोर उभ्या होत्या. त्यांना ते दिसलं असणार.