तोंडातली जाळी

२३ नोव्हेंबर, रविवार
उमरग्याला दातांच्या डॉ. मॅडमकडं. सोबत आई. तारा बसवून दोन वर्षं होत आली, तरी पुढचे दात टेकत नाहीत. दाढा मिटतात, समोर बोट जाईल एवढी फट. आईला घाई. "फेब्रुवारीत लग्न हाय मॅडम. फोटोत तारा नको दिसायला."
मॅडमनी मला विचारलं, "अंगठा चोखायची सवय होती का?"
उत्तर आईनंच दिलं. "लहानपणी होती. चौथीत असतानाच सोडवली म्या."
मॅडमनी माझा उजवा हात हातात घेतला. अंगठा बघितला. बाकीच्या बोटांपेक्षा गोरा, चपटा, सांध्यावर घट्टा. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी एकट्या आलात तरी चालेल."
त्यांना कळलं.

२४ नोव्हें., सोम.
चौथीत सुटली नव्हती. चौथीत लपवायला शिकले. अंगठ्याला कारल्याचा रस, हाताला फडकं बांधून झोपवणं, पाहुण्यांसमोर मला हसणं, सगळं झालं होतं.
वय पंचवीस. इथं जळकोटातच पहिलीच्या वर्गाची बाई. 'अंगठा चोखते' हे स्वतःबद्दल लिहायलाही हात धजत नाही. इथून पुढं माझ्यापुरतं नुसतं 'अं.'
आज अं. दोनदा. न्हाणीत, आणि दुपारी वह्या तपासताना.

२७ नोव्हें., गुरु.
वर्गातली श्रावणी दिवसभर अंगठा तोंडात घालून बसते. मोठ्या बाईंनी परवाच बजावलं, "तुमच्या वर्गातली आहे, तुम्हीच सोडवा." आज तिच्या आईनं हातात मोजा घालून, मनगटाला दोरा बांधून पाठवली. पेन्सिल धरता येईना. मी दोरा सोडला.
मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा. दाराकडं पाठ करून बसले. अं.
"बाई, तुमी बी?"
श्रावणी. हातात डबा. काय आनंद तिच्या तोंडावर!
"कुणाला सांगू नको हं." सहा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडायचे तेवढे राहिले.

२९ नोव्हें., शनि.
अजून सांगितलं नसावं. माझ्याकडं बघून नुसती हसते. तिला "काढ गं तोंडातून" म्हणायची सोय राहिली नाही. मोठ्या बाई खिडकीतून दोनदा बघून गेल्या.
लग्न ठरल्यापासून एकच धास्ती. सासरी न्हाणीची कडी किती वेळ लावून बसणार? एका खोलीत दुसरं माणूस. झोपेत हात कुठं जाईल ते मी कसं—

३० नोव्हें., रवि.
एकटीच गेले उमरग्याला. घरी आई-अण्णांना सांगितलं, तार टोचतेय. खुर्चीवर बसले. शेवटी छताकडं बघत म्हटलं, "मॅडम, अजून आहे."
हसल्या नाहीत. "मोठी माणसंही येतात या सवयीची. लाजू नका. जीभही त्या फटीतून पुढं येते तुमची, म्हणून तारांचा उपयोग होईना." वरच्या दातांमागं जाळी बसवायची. माप घेतलं. अंगठा गेला की जाळीला लागतो, तेवढीच आठवण, म्हणाल्या. किमान सहा महिने.
सहा महिने! लग्न तर अडीच महिन्यांवर.

८ डिसें., सोम.
काल जाळी बसली. 'स'चा 'थ' झालाय. "सगळे बसा" म्हटलं, पोरं खदाखदा हसली, चारसहा जणांनी तसंच म्हणून दाखवलं. श्रावणी हसली नाही.
दुपारी वह्या उघडल्या. हात आपोआप गेला. तार लागली. परत गेला. परत तार. काही मिळेना, आणि हात खाली राहीना. वह्यांवर डोकं टेकून रडले.

१२ डिसें., शुक्र.
आईनं आज जाळी बघितली. "आता हे काय आणि?"
"जिभेसाठी."
अर्धं खरं. "लग्नाआधी काढून टाक म्हणावं." हो म्हटलं. किती सहज.

१९ डिसें., शुक्र. येळवस (वेळ अमावस्या).
लग्न ठरलंय तो प्रशांत आणि त्याची आई कळंबहून आमच्या शेतावर जेवायला. भज्जीच्या भाजीतले तुरीचे दाणे जाळीत अडकलेले. मी तोंड मिटून गप्प. त्याच्या आईनं मला मुद्दाम बोलतं केलं, मग माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी बोबडी बोलती व्हय?"
"तारांमुळं हो. निघतील महिन्याभरात."
नंतर प्र.सोबत हरभऱ्याच्या बांधावरून. "खरं काय आहे?" त्यानं विचारलं. एकदम सांगून टाकलं. सगळं.
"एवढंच? मला वाटलं काय आजार हाय." हलकं वाटलं. चार पावलांवर तो म्हणाला, "आमच्या आईला मात्र कळू देऊ नको. लग्नापर्यंत सोड म्हणजे झालं."
हो म्हणून मान हलवली. वाईट वागला नाही तो. पण ट्रॅक्टरमधून परत येताना लक्षात आलं. आतापर्यंत एकटी लपवत होते. आता त्याच्यासाठीही लपवायचं, आणि जन्मभर.

२१ डिसें., रवि., संध्याकाळ
जाळी काढूनच आणायची म्हणून आई सोबत आली. मॅडम म्हणाल्या, "आज काढली तर परत पहिल्यासारखं. पण तोंड हिचं आहे, हिला ठरवू द्या."
दोघी माझ्याकडं बघत.
"आई, तेव्हा सुटली नव्हती. अजून हाय."
आईनं पदर तोंडाला लावला. रागानं की कशानं, कळलं नाही. एस.टी.त येणेगूर आलं. तेव्हा आई म्हणाली, "मला कधी सांगणार होतीस?"
"कधीच नाही."
जाळी आहे तशीच आहे. अण्णांना आईनंच सांगितलं, दार लोटून. लग्न पुढं ढकलायचं म्हणतात दोघं. अण्णा उद्या कळंबला फोन करणार. कारण काय सांगायचं ते ठरेना. त्याच्या आईला कळू देणार नाही, असा प्र.ला मी शब्द दिलाय, ते यांना माहीत नाही.
आईनं आत्ताच हाक मारली. "ये की गं इकडं. तूच सांग, काय म्हणावं त्यांना?"
दुसऱ्यांदा हाक मारली.