बाजारातले एक जाणकार

दि. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही नुसते ओरडता, म्हणून पत्र लिहिते. बाजाराचे अंदाज बांधणाऱ्या या कंपनीत मी अजून कच्चीच आहे. नोकरी पक्की व्हायची तर साहेबांना एक अहवाल हवाय. पुढच्या काही वर्षांत नव्या बांधकामांत फॉल्स सीलिंगच्या कुठल्या मालाला मागणी राहील? जिप्समला, पांढऱ्या चौकोनी टाइलना की लाकडी पट्ट्यांना? सगळ्या दुकानदारांना प्रश्न पाठवले, एकाचंही उत्तर नाही. तुम्ही इतकी वर्षं हाच माल विकताय, म्हणून गळ घालते. खरं काय ते कळवा. आणि पाकिटावर छकुली लिहू नका, इथला शिपाईसुद्धा तशीच हाक मारायला लागलाय.

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची भाची

दि. ९ फेब्रुवारी

चि. छकुली मॅडमना,
अनेक उत्तम आशीर्वाद.

योग्य माणसाला विचारलंस. घरात माझं मत फक्त भाजीला मीठ कमी आहे का एवढ्यापुरतं घेतात, तेही मीठ घालून झाल्यावर. तर लिहून घे. जिप्सम संपलं. पांढऱ्या टाइलनी चांगल्या घराला दवाखान्याची कळा येते. आता जमाना लाकडी पट्ट्यांचा. परवाच एक गिऱ्हाईक आमच्या पट्ट्यांकडे इतका वेळ टक लावून उभं होतं की काही विचारू नकोस. मामी म्हणते तो बसची वाट बघत होता. तिला धंद्यातलं काही कळत नाही, ती नुसती गल्ल्यावर बसते आणि माल विकते. पट्ट्यांची मागणी दोन वर्षांत दुप्पट, नव्हे तिप्पट होईल. बिनधास्त छाप. माझ्याकडे जुन्या पट्ट्या पडून आहेत म्हणून सांगतोय, असं मात्र मनात आणू नकोस.

प्रकृतीला जप. आमच्यावरचा जीव आहे तेवढा तरी राहू दे.
तुझा मामा

दि. २ एप्रिल

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझा अहवाल मिळाला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. वाचून ऊर भरून आला. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होतो, ते शेवटी शिकलेल्या लोकांनी शोधून काढलं. ‘बाजारातील एका ज्येष्ठ जाणकाराच्या मते’ असं जागोजागी आहे. हा कोण ते मी लगेच ओळखलं. कोपऱ्यावरचा टकल्या दुकानदार असणार. आमचं पटत नाही, पण माणसाला जाण आहे हे मान्य करायला हवं.

मामीला सगळा वाचून दाखवला. तिने नाक मुरडलं. मी तिकडे लक्ष न देता टाइलची ऑर्डर रद्द केली आणि होतं नव्हतं ते घालून ट्रकभर पट्ट्या मागवल्या. महिनाअखेर माल येईल. म्हातारपणी तुझ्यामुळे नशीब उघडतंय.

मोठी झालीस तरी मामाला विसरू नये.
तुझा मामा

दि. ७ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामा, ते ज्येष्ठ जाणकार तुम्हीच आहात. दुसऱ्या कुणी उत्तरच दिलं नव्हतं. ‘शंभर टक्के व्यापाऱ्यांचा कल’ म्हणजे तुम्ही. ‘तिपटीने वाढ’ म्हणजे तुमचं ते दुप्पट, नव्हे तिप्पट. साहेबांना अहवालाची घाई होती, मला नोकरीची. आणि आलेख रंगवल्यावर मलाही ते खरंच वाटू लागलं.

मामींनी फोनवर सांगितलं, की अहवाल चुकला असं कंपनीने लिहून दिलं तरच घाऊक व्यापारी ऑर्डर रद्द करेल. म्हणून आज साहेबांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ छताकडे पाहिलं आणि शुक्रवारी सांगतो म्हणाले. नोकरी बहुतेक गेली. भीती वाटते. पण माझ्या आलेखांपायी तुमचं दुकान बुडालं असतं, तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?

रागावलात तरी पत्र टाका.
तुमची भाची

दि. १५ एप्रिल

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

आधी मी मानलंच नाही. टकल्याला जाऊन विचारलं. तुझे प्रश्न रद्दीत टाकले म्हणाला. मग घरी आलो. मामीने एक शब्द न बोलता चहा पुढे ठेवला, तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

खरं सांगू? माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. छापून आलं तेव्हा इतकं शहाण्यासारखं दिसत होतं की ते माझंच आहे हे ओळखूच आलं नाही. आणि पोरी, माझ्यासाठी तू नोकरी पणाला लावलीस. मग मलाही घरात बसवेना. व्यापाऱ्यांच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की तो जाणकार मी, जुना माल खपावा म्हणून बाता मारल्या, पट्ट्या कुणीही मागत नाही.

एकाचाही विश्वास बसला नाही. टकल्या म्हणाला, याला सगळ्या पट्ट्या एकट्याला हव्यात. मी नको नको म्हणत गेलो तसा तो हट्टाला पेटला, आणि येणारा ट्रक त्याने स्वतःच्या नावावर करून घेतला. वर आमच्या जुन्या पट्ट्याही उचलून नेल्या.

तुझा फोन मामीने घेतला होता. नोकरी राहिली, पण कच्चीच, आणि दुकानोदुकानी उभं राहून नवा अहवाल करायचा, असं कळलं. साहेब भला माणूस दिसतो. सुरुवात आमच्याकडून कर. मामीशेजारी बस आणि गिऱ्हाइकं काय मागतात ते ऐक. तेवढे दिवस मी दुकानात पाऊल टाकणार नाही. मी असलो तर बोलेन, आणि तू मायेपोटी लिहून घेशील.

लवकर ये.
तुझा मामा