बनावट बक्षिसे ओळखण्यात माझा हात धरणारा नाही

२ ऑगस्ट १९९९, सोमवार
व्हीआरएस घेतल्याला महिना झाला. पेंटच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जन्म गेला. खराब डबा मी झाकण न उघडता ओळखायचो. (जे डबे गिऱ्हाइकांकडून परत आले, ते ट्रान्सपोर्टमध्ये बिघडले होते.) ही नजर घरात बसून वाया घालवणं बरं नाही. संकल्प: इंटरनेट शिकायचं. तिथे लोक फार फसतात म्हणे. त्यांना कुणीतरी वाचवायला हवं.
सौ. मंदाकिनीने पुन्हा माथेरान काढलं. इतकी वर्षं डोंबिवलीत राहून माणसाने नेरळवरून वर जाऊ नये म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. पावसात कोण जातं? दिवाळीनंतर बघू, म्हणालो.

५ ऑगस्ट, गुरुवार
मानपाडा रोडवरच्या चांगदेवच्या सायबर कॅफेत गेलेलो. चांगदेव तिथलाच, गावठाणातला. म्हणाला, काका, माऊस इतका चेपू नका, मरल तो. कॉम्प्युटर चालू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच पडद्यावर लाल-पिवळे दिवे. मी म्हणे त्यांचा दहा लाखावा पाहुणा, आणि मला कलर टीव्ही लागला! मी नुसता हसलो. चांगदेव म्हणाला, ह्यो सगल्यांनाच येतंय काका, मना पन दोनदा लागला.
घरी येऊन नियम पहिला लिहिला: सगळ्यांना लागतं ते बक्षीस बनावट.

९ ऑगस्ट, सोमवार
सोसायटीच्या गणपतीत माझं व्याख्यान ठरलं! रविवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळी सहा. विषय: 'इंटरनेटवरील फसवी बक्षिसे'. मीच सुचवला, मीच आग्रह धरला, मग कमिटीला पटला. सेक्रेटरी भाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. गेल्या वर्षी त्यांचं मधुमेहावर झालं होतं. हॉल भरलेला, लोक जिन्यात उभे. (नंतर जिलबी होती, हे कुणी बोलत नाही.)
मला फक्त एक हवं. हॉल भाऊंच्यापेक्षा जास्त भरला पाहिजे. जिलबीशिवाय.
मंदाकिनी म्हणाली, इतक्या वर्षांत मला एकदा समोर बसवून काही सांगितलंत का? म्हणालो, १९ तारखेला पहिल्या रांगेत बस.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
अडचण. बनावट माल दाखवायचा तर शेजारी एक अस्सल नगही ठेवावा लागतो. कंपनीत आम्ही तसंच करायचो. म्हणून अस्सल बक्षीस शोधतो आहे. चांगदेवच्या कॅफेत आता माझी खुर्ची ठरलेली आहे. तो म्हणतो, काका, तुमच्या टायमाच्या पैशावर माजा पंखा आला.

१८ ऑगस्ट, बुधवार
सापडलं! एका हॉलिडे कंपनीची सोडत आहे. ही अस्सल असल्याची कारणं:
एक, पैसे मागत नाहीत.
दोन, चौकशी फार कसून करतात. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, नोकरी, फ्रिज कुठला, स्कूटर आहे का, पत्नीचं नाव, पत्नीला कुठे फिरायला आवडेल. भामट्यांना इतका वेळ असतो का?
सगळं खरं भरलं. खोटी माहिती देणं माझ्या रक्तात नाही. पत्नीच्या आवडीसमोर माथेरान लिहिलं. चांगदेव मागून वाचत होता. म्हणाला, काकीला इचारलाव का? मी म्हणालो, ही टेस्टिंग आहे, तुला कळणार नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार
आज त्यांनी मला ई-मेल पाठवली. सुरुवातच 'डिअर मिस्टर खांबेटे' अशी! बनावट लोकांना तुमचं नाव ठाऊक नसतं. यांना माझं नाव बरोबर माहीत आहे. नियम दुसरा झाला.
परिचितांची नावं आणि फोन नंबर कळवले तर सोडतीत संधी वाढते म्हणे. मला बक्षिसाचा मोह नाही. पण एका डब्यावरून कुणी अख्खा लॉट पास करतं का? सॅम्पल मोठं हवं.

२१ ऑगस्ट, शनिवार
सॅम्पल पाठवलं. मंदाकिनीची हळदीकुंकवाची यादी फार उपयोगी पडली. आमच्या तिन्ही बिल्डिंगांतल्या बायका, यजमानांची नावं, फोन, सगळं सुवाच्य अक्षरात. रेफरन्स म्हणून सगळीकडे माझं नाव घातलं. जबाबदारी घ्यायला मी घाबरत नाही.
यादी जागच्या जागी ठेवली. तिला सांगितलं नाही. बायकांना संशोधन समजावून सांगत बसलं तर संशोधन राहतं बाजूला.

३ सप्टेंबर, शुक्रवार
बिल्डिंगमध्ये फोन फार वाजताहेत. इलेक्शनचे असतील.
आपल्याकडे एक आला होता. मी अंघोळीला गेलेलो. कुणाचा, विचारलं तर मंदाकिनी म्हणाली, राँग नंबर. मग राँग नंबरशी दहा मिनिटं काय बोलत होती? बायकांना कुणीही चालतं.

११ सप्टेंबर, शनिवार
जिन्यात भाऊंच्या मिसेस वासंतीवहिनी भेटल्या. चक्क थांबल्या. म्हणाल्या, अण्णा, तुमच्यामुळे आमची आठवण झाली हो, नाहीतर आम्हांला कोण विचारतं! आम्ही दोघंही येणार, एकोणीस तारखेला. मी नम्रपणे म्हणालो, माझं कर्तव्यच आहे ते.
खालच्या कमळाबाईसुद्धा म्हणाल्या की त्या दिवशी त्या भजनी मंडळ बंद ठेवताहेत. एवढी हवा भाऊंच्या मधुमेहाला नव्हती.
संकल्प: यशाने हुरळून जायचं नाही. मांडववाल्या मोरूकडून जादा खुर्च्या मागवल्या.

१५ सप्टेंबर, बुधवार
गणपती बसून तिसरा दिवस. आरतीला सगळे माझ्याकडे बघून हसतात. मंदाकिनी म्हणाली, अहो, रविवारी व्याख्यानाला कुणी नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका. मला तिची कीव आली. नवऱ्याच्या यशाची सवय नाही बिचारीला.

१९ सप्टेंबर, रविवार, दुपारी ४
अख्खी सोसायटी नटली आहे! भाऊ सफारीत. वासंतीवहिनी ठेवणीतल्या पैठणीत. कमळाबाईंनी मिस्टरांना बूट घालायला लावले. माझ्या व्याख्यानाला बूट! फक्त एक कळेना, हे सगळे आत्ताच रिक्षा का थांबवताहेत? देवळात जाऊन येत असतील.

त्याच दिवशी, रात्री ८
हॉलमध्ये गणपती, मोरू आणि मंदाकिनी.
मोरू म्हणाला, अण्णा, सगली ठाण्याला गेलीत. तिथं हाटेलात तुमच्या नावानं बक्षिसा वाटतात. जोडीनं जायचा हाय म्हनून माजी शेवंती नाय गेली, मी हितं अडकलो ना.
माझ्या नावाने.
मंदाकिनी पहिल्या रांगेत बसली होती. म्हणाली, करा सुरुवात. मी बनावट बक्षीस कसं ओळखावं ते तिला माइकवरून सांगितलं. मोरूने मध्येच माइक बंद केला. मग तसंच सांगितलं.

२० सप्टेंबर, सोमवार
सोसायटी रात्री उशिरा परतली. हॉटेलात सगळ्यांना दोन पेढे देऊन चार तास डांबलं, डोंगरातल्या बंगल्यांच्या स्लाइड दाखवल्या, आणि बक्षीस म्हणून जोडीमागे एक प्लॅस्टिकचा जग दिला. भाऊंनी त्या बंगल्यांच्या महागड्या मेंबरशिपवर सही केली. सही का केलीत, असं मी विचारलं, तर ते ओरडले, त्यांनी तुमचं नाव सांगितलं, खांबेटे! म्हटलं, हा माणूस त्यातला एक्स्पर्ट, हा देईल ते खरंच असणार!
कौतुकच म्हणायचं, पण आवाज फार चढलेला होता.
संध्याकाळच्या आरतीत माझ्या हातात प्रसाद ठेवायला कुणी पुढे आलं नाही. सर्वांचे फोन अजून वाजताहेत. नोटीस बोर्डावर भाऊंनी लिहिलंय की कुणीही आपला फोन नंबर अण्णा खांबेटे यांना देऊ नये. खाली बऱ्याच सह्या आहेत.
मंदाकिनीने हळदीकुंकवाची यादी कपाटात कुलपात ठेवली.

२१ सप्टेंबर, मंगळवार
दिवसभर घरात. जिन्यात पाऊल टाकायची सोय नाही.
पण एक गोष्ट मनाला लागून राहिली होती. फोन तर आपल्या घरीही आला होता, तो राँग नंबर. मग सगळी सोसायटी फसली आणि एकटी मंदाकिनी कशी नाही फसली? माझ्या सहवासाचा परिणाम असणार. ती मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसून विचारलं, तुला कसं कळलं गं, की ते बनावट आहे?
ती म्हणाली, त्यात काय कळायचंय? ती बाई छान बोलत होती. नाव बरोबर, पत्ता बरोबर, आपला फ्रिजसुद्धा बरोबर. मला तर खरंच वाटायला लागलं होतं. मग ती म्हणाली, मॅडम, तुमच्या मिस्टरांनी स्वतः तुमच्यासाठी माथेरान लिहिलंय.
तेव्हा ओळखलं, म्हणाली, आणि देठं एका बाजूला सारली.
ते मीच लिहिलं होतं, हे सांगावंसं वाटलं. पण मग ती विचारणार, कुठे लिहिलंत आणि कशासाठी.
दुसरी जुडी पुढे ओढली आणि मीही मेथी निवडायला लागलो.