डबीच्या तळाची चिठ्ठी

प्रिय ठमे,

त्या सकाळी नळाला पाणी बारीक येत होतं. मी बादली लावून एकीकडे चादरी भिजवत होते, आणि तुझे भावोजी आतल्या खोलीत जमिनीवर आडवे पडले होते, कारण बूट घालायला वाकले आणि कंबर धरली. तू त्यांची पिशवी खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, "गोगलगायीला एकच पाय असतो म्हणता ना भावोजी, आज तुम्हाला तेवढाही नाही." ते हसले आणि लगेच कण्हले. संग्रहालयाच्या ऑफिसात कळवू नका, नमुने गोळा करायचा दौरा माझ्या नावावर आहे, ठमी एकटी जाऊन येईल, असं म्हणाले. मी तुला डबा दिला. तू गेलीस. मी चादरी पिळल्या, त्यांच्या कमरेला शेक दिला, दूध उतू गेलं ते पुसलं. संध्याकाळी तू गुडघाभर चिखलात परत आलीस आणि कापसात ठेवलेला नखाएवढा शंख आम्हा दोघांना दाखवलास. ते कंबर विसरून उठून बसले. त्या जातीची गोगलगाय त्या भागातून संपली, असं पुस्तकं साठ वर्षं सांगत होती.

हे सगळं मला तेव्हाही आठवत होतं. पुढे शंख त्यांच्या नावावर लागला आणि त्यांचे साहेब घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमची बहीण म्हणते शंख तिला सापडला. त्या दिवशी हे घरी होते का?" मी म्हटलं, तारखा कुठल्या लक्षात राहतात. तू दाराशी उभी होतीस. तू साहेबांकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या भावोजींच्या नोकरीत कायम होण्याचा कागद तेव्हा वर गेला होता, पोरगी शाळेत घालायची होती. ही कारणं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलेय. आता तुला सांगायला बसले तर ती एवढीशीच वाटतात.

ते गेले, त्याला चौदा महिने झाले. तुला कोणीतरी कळवलं असेल. मी कळवलं नाही, माझा हात धजला नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी दोनदा विचारलं, ठमी कुठे असते हल्ली. मी दोन्ही वेळा म्हटलं, झोपा आता. त्यांना काही बोलायचं असेल तर ते मी बोलू दिलं नाही, हेही तुला माहीत असू दे.

आता मी आठवड्यातून तीन दिवस संग्रहालयात जाते. हसू नकोस. तिथे सगळे नमुने कॉम्प्युटरवर चढवतायत. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक शंखाचं, प्रत्येक किड्याचं एक पान, त्यात काय, कुठे, कधी, कोणी गोळा केला, असे रकाने. एकदा भरलं की जगात कोणीही घरबसल्या बघू शकतं. पण तुझ्या भावोजींचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. कॉम्प्युटरवाली मुलगी रडकुंडीला आली आणि मला बोलावणं आलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला! पण मी नीट वाचायला शिकले तीच मुळी त्यांच्या वह्यांवरून, त्यामुळे मला ते छापल्यासारखं दिसतं. मी वाचते, ती टाइप करते. मध्येच म्हणते, "काकू, काकांनी इथे चहा सांडलाय." मला ते डागसुद्धा ओळखीचे वाटतात. दिवस बरा जातो.

गेल्या सोमवारी त्या शंखाची डबी निघाली. वर त्यांची शाईची चिठ्ठी, त्यांचं नाव. मी वाचून दाखवलं, आवाजसुद्धा हलला नाही माझा. मग त्या मुलीने फोटोसाठी कापूस उचलला, आणि तळाशी चार घड्या घातलेली दुसरी चिठ्ठी निघाली. पेन्सिलीची. तुझं गोल अक्षर, ओढ्याचं नाव, तारीख, आणि तुझं नाव, माहेरच्या आडनावासकट. तुला आठवतंय ना, मूळ चिठ्ठी कधी फेकायची नाही, चुकीची असली तरी नाही, हे तेच तुला शिकवायचे. तुझं श्रेय त्यांनी घेतलं आणि तुझी चिठ्ठी फाडायला मात्र त्यांचा हात धजला नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला रडूच आलं, ठमे, आणि ते कोणासाठी ते अजून कळलेलं नाही.

मुलगी म्हणाली, "दोन चिठ्ठ्या, दोन नावं. सॉफ्टवेअर एकच घेतं, काकू. कोणतं खरं? कोणी सांगणारं नसेल तर शाईचं राहू देते." म्हणजे मी पुन्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. कोणी विचारायला येणार नव्हतं. त्यांचं नाव तेवढंच तर उरलंय माझ्याकडे. मी म्हटलं, मला उद्यापर्यंत वेळ दे.

संग्रहालयाकडून तुला एक औपचारिक कागद येईल. तो परक्या माणसाच्या सहीने तुझ्या हातात पडण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. माफी मागत नाही. एकोणीस वर्षांनी ती मागणं म्हणजे तुझ्याच डोक्यावर आणखी एक काम ठेवणं. मंगळवारी सकाळी दहाला मी संग्रहालयात गेले, त्या रकान्यात तुझं नाव घालायला सांगितलं, आणि बदल कशावरून केला या रकान्यात लिहून घेतलं की त्या दिवशी माझे यजमान घरी होते, आणि हे मी, त्यांची बायको, स्वतः सांगते आहे.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
ताई